गरम पाण्याचा भरवसा आकड्यात नाही, वेळेत आहे



गळीत हंगाम आणि थंडी ही जोडीनेच येतात. रात्रपाळी करून पहाटे घरी आलेल्या माणसाला दोन बादल्या कडकडीत पाणी मिळाले, की निम्मा शीण तिथेच उतरतो. पूर्वी ही सोय तांब्याचा बंब करी. तुरकाट्या घातल्या, गोवरी सरकवली, की पाणी तयार. आता काही नव्या घरांतून बंबाच्या जागी हीट पंप आला आहे. आणि त्याबरोबर एक तक्रारही आली आहे: "यंत्र महागाचं घेतलं, आकडा ५० वर ठेवला, तरी सकाळी पाणी कोमटच!"

आमचे स्पष्ट मत असे, की दहांतल्या बहुतेक वेळी यंत्र नादुरुस्त नसते, लावणी चुकलेली असते. आणि ती चूक घरच्यांची नसून, यंत्र बसवून आकडा लावून, काहीही समजावून न देता निघून जाणाऱ्याची असते.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. फ्रीज आतली उष्णता काढून पाठीमागे टाकतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात घालतो. कारखान्यातल्या मंडळींना हे नवे वाटू नये. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर याने १८५० नंतरच्या दशकात मिठाच्या कारखान्यात खारे पाणी आटवताना निघणारी वाफ दाबून तीच पुन्हा उष्णतेसाठी वापरली, तेव्हापासूनची ही विद्या आहे.

आता हिशेब पाहू. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायचे, तर ६,००० किलोकॅलरी लागतात. एका युनिटातून ८६० मिळतात, म्हणजे साध्या गिझरला सात युनिटे. हवा उबदार असेल तर हीट पंप हेच काम सव्वादोन-अडीच युनिटांत करतो. मात्र तो सावकाश काम करतो. तासाला दीड युनिटाइतकी उष्णता देणाऱ्या यंत्राला यासाठी साडेचार-पाच तास लागतात. गिझरसारखे बटण दाबले आणि आंघोळीला बसले, हे येथे चालत नाही. खोळंबा होतो तो इथेच.

म्हणून पहिली गोष्ट, वेळ. पौषातल्या पहाटेची गार हवा आणि दुपारची ऊनऊन हवा यांत केवढा फरक! यंत्र सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत चालवावे. उबदार हवेत त्याला कष्ट कमी, वीज कमी. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमबदलात उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी असावा, असे धोरण आहे. आपल्या मीटरला ती सवलत लागू आहे का, हे वीज कचेरीत विचारून घ्यावे. टाकी चांगली वेष्टिलेली असेल, तर दुपारचे पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे सुखाने पुरते.

दुसरी गोष्ट, जी कोणी सांगतच नाही, ती म्हणजे 'फरक'. पाणी ठरवलेल्या आकड्यापेक्षा किती अंश उतरले म्हणजे यंत्राने पुन्हा सुरू व्हायचे, तो हा आकडा. आकडा ५० आणि फरक १० असेल, तर पाणी ४० वर येईपर्यंत यंत्र स्वस्थ बसणार. त्याच्या हिशेबी सगळे ठीक, आणि तुम्ही मात्र कुडकुडत! फरक ५ च्या आसपास ठेवा. अगदी १-२ वर आणू नका. कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन लवकर झिजेल.

तिसरी गोष्ट, खुद्द आकडा. ५० अंशांच्या २०० लिटरमध्ये २० अंशांचे गार पाणी मिसळले, तर आंघोळीजोगे ४० अंशांचे ३०० लिटर होते. टाकीत खालून गार पाणी शिरते, म्हणून त्यातले पाऊणच हिशेबात धरा, सव्वादोनशे लिटर. पाच माणसांना दोन-दोन बादल्या सहज होतात. दिवाळीला लेकी-जावई आले, की ५५ करा, पाहुणे गेले की पुन्हा खाली आणा. आकडा जितका चढवाल तितकी यंत्राची दमछाक. पुष्कळशा यंत्रांत वरच्या आकड्याला आतली विजेची कॉईल पेटते, आणि मग तो महागडा गिझरच झाला.

आठवड्यातून एकदा मात्र पाणी ६० अंशांवर नेऊन थोडा वेळ तसेच ठेवावे. कोमट, साचल्या पाण्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात व त्यांच्यामुळे न्यूमोनिया होतो. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेल्या मंडळींत या रोगाने अनेक बळी घेतले, तेव्हा तो जगाला कळला. बिल वाचवायचे म्हणून आकडा कायम ४० वर ठेवणे ही काटकसर नव्हे. त्या दिवशी नळाखाली लहान मुलाला एकटे सोडू नका. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते.

वीज जाऊन आली, की यंत्रातले घड्याळ बरोबर आहे ना, हे पाहा. काही यंत्रांत ते मागे पडते आणि दुपारची पाळी मध्यरात्री सुरू होते. वीज आल्यावर यंत्र तीन-चार मिनिटे थांबते. बिघडले म्हणून बटणे दाबत बसू नका. वसाहतीत चिमणीची काजळी आणि बगॅसचा भुसा उडतो, तो यंत्राच्या जाळीवर बसतो. हंगामात ती जाळी दर पंधरवड्याला साफ झालीच पाहिजे.

एवढे सगळे कोणाला कळायला हवे? जी घरात सगळ्यांच्या आधी उठते, तिला. यंत्र घेताना व्यवहार पुरुषमंडळी करतात, सूचनांचे पुस्तक इंग्रजीत असते, आणि सकाळी पाणी गार आले की बोलणी खावी लागतात माउलीला! हे बरे नव्हे. यंत्र विकणाऱ्याकडून आकडा, फरक, वेळ आणि साठ अंशांचा वार या चार गोष्टी मराठीत एका कार्डावर लिहून घ्याव्यात, घरच्या बाईला प्रत्यक्ष करून दाखवायला लावाव्यात आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा. ज्यांचा बंब किंवा सौर टाकी ठीक चालली आहे, त्यांनी शेजाऱ्याचे पाहून हा खर्च अंगावर घेऊ नये. ज्यांनी यंत्र घेतलेच आहे, त्यांनी ते हुकमतीत ठेवावे.