कौलारू कचेऱ्या

पेण-रोह्याकडील वाचकांस तालुक्याची जुनी कचेरी कशी असते हे निराळे सांगावयास नको. 'ठाणे' हा शब्द संस्कृत 'स्थान' यावरून आलेला. देवाचेही ठाणे असते आणि फौजदाराचेही! इंग्रजी अमदानीत मामलेदार, खजिना व कैद्यांची कोठडी यांस बहुधा एकाच आवारात जागा मिळे. जाड दगडी भिंती खजिन्यासाठी; उतरते छप्पर व रुंद पडवी मात्र कोकणच्या पावसासाठी. वर्षास सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस! नळीची कौले दरसाल शाकारावी लागत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढल्यावर खाचेची चपटी कौले आली व तो त्रास पुष्कळ कमी झाला.

मुंबईस स्टीव्हन्स यांच्या आराखड्याने १८७६ साली पुरे झालेल्या खलाशीगृहात आज राज्याच्या पोलिसांचे मुख्यालय आहे. तालुक्याची कौलारू कचेरी मात्र मोडकळीस आली की पाडावयाची आणि सपाट स्लॅब घालावयाचा, असा प्रघात पडला आहे. पुढे तो स्लॅब गळू लागला म्हणजे त्यावर पत्र्याचे उतरते छप्परच चढवितात! पाडण्यापूर्वी निदान आढे-वासे तपासून पाहावेत, एवढेच आमचे सार्वजनिक बांधकाम खात्यापाशी मागणे आहे.