अंदलुसला जरूर जा, पण मातम करायला नको

मोबाइलवर अधूनमधून अल्हम्बरा महालाचे व्हिडिओ फिरत असतात. मागे उदास संगीत आणि खाली एक ओळ, आम्ही काय होतो आणि काय झालो! ते पाहून आपल्याकडच्या अनेकांना स्पेनला जावेसे वाटते. उर्दू शिकलेल्यांना तर ही ओढ जुनीच आहे. इक्बाल १९३३ साली कुर्तुब्याला गेले आणि उर्दूला ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही नज्म मिळाली. ऐपत असेल तर जरूर जावे. पण माझे मत असे की, हा सफर शोकसभेसारखा करू नये आणि ‘दहा दिवसांत सहा देश’ अशा सहलीतूनही करू नये. पगारदार माणूस वर्षानुवर्षे पैसे साठवून एकदाच एवढ्या दूर जातो. बसच्या खिडकीतून इमारती मोजण्यात ते पैसे घालवू नयेत.

जागा तीनच ठेवा : कोर्दोबा (म्हणजेच आपले कुर्तुबा), ग्रॅनडा आणि सेव्हिल. माद्रिदहून कोर्दोबा जलद रेल्वेने पावणेदोन तासांवर आहे आणि तिथून सेव्हिल पाऊण तासावर. आठ-नऊ दिवसांत हे निवांत होते.

वेळ नीट निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दोबात पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात म्हाताऱ्या आईवडिलांना दगडी गल्ल्यांतून फिरवणे हा छळ आहे. मेचा पूर्वार्ध हवेला चांगला, पण तेव्हा कोर्दोबात सजवलेल्या अंगणांचा उत्सव असतो. खोल्या महागतात आणि गर्दी उसळते. आम्हा शाळावाल्यांसाठी दिवाळीची सुटी सर्वांत बरी.

व्हिसा शेंगेनचा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमाने किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो, पण तेवढ्यावर विसंबू नका, दोन-तीन महिने हाताशी ठेवा. २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने असावी. नोकरीचे पत्र, रजेची मंजुरी, बँकेचे उतारे आणि मुक्कामाचे आरक्षण यांतील तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. पैसे परत मिळणार नाहीत असे विमानाचे तिकीट व्हिसा हाती येईपर्यंत घेऊ नका.

अल्हम्बराचे तिकीट तिथे पोहोचल्यावर काढू, असे म्हणाल तर दारातून परत याल. रोजची प्रवेशसंख्या ठरलेली असते आणि नस्री महालात शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की गेली. तिकीट नावाने असते, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. कोर्दोबाची मशीद मात्र सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ विनामूल्य पाहता येते, काही धार्मिक दिवस वगळून. त्या वेळी कमानींच्या रांगांमध्ये शांतताही असते.

खाण्याचे म्हणाल तर डुकराचे मांस तिथे सरळ समोर असते तसे लपूनही असते. सालमोरेखो या थंड टोमॅटो सारावर हॅमचे तुकडे पेरतात, आणि ‘मांतेका’ म्हणजे चरबी, ती काही मिठायांतही असते. ‘सिन सेर्दो’, म्हणजे डुकराचे मांस नको, हे दोन शब्द पाठ करा. पालक-हरभऱ्याची भाजी, बटाट्याचे ऑम्लेट, मासे यांवर पोट भरते. ग्रॅनडातील काल्देरेरिया नुएवा या गल्लीत मोरोक्कन पद्धतीची दुकाने आहेत.

आता नाजूक गोष्ट. कोर्दोबाची मशीद १२३६ पासून चर्च आहे आणि तिथे मुसलमानांना नमाज पढण्यास मनाई आहे. हा नियम बदलावा अशी मागणी स्पेनच्याच मुसलमानांनी केलेली आहे. तो वाद त्यांच्या देशाचा, त्यांनी लढावा. आपण पाहुणे आहोत. गुपचूप सजदा करून त्याचा व्हिडिओ काढणे ही इबादत नाही, तो दिखावा आहे. नमाजसाठी ग्रॅनडात २००३ साली उघडलेली मशीद आहे, तिच्या बागेतून समोर अल्हम्बरा दिसतो.

आणि पाहायचे काय? हरलेले राज्य कशाला पाहायचे? राज्ये येतात आणि जातात. कोर्दोबात ११२६ साली इब्न रुश्द जन्मले आणि त्याच शतकात ज्यू विद्वान मैमोनिडीसही. दोघांचे पुतळे आज त्या गावात आहेत. स्पॅनिशमध्ये ‘ओखाला’ म्हणजे ‘असे होवो’; त्यात अल्लाहचे नाव आहे, पण ते उच्चारणाऱ्या बहुतेकांच्या मनातही येत नाही. सेव्हिलच्या रस्त्यांवरची संत्री म्हणजे ‘नारांखा’. संस्कृतातला ‘नारंग’ फारसी-अरबीतून तिथे पोहोचला, आपल्याकडे नारिंगी झाला. पाण्याच्या कालव्याला तिथे ‘आसेकिया’ म्हणतात, मूळ अरबी ‘साकिया’. अल्हम्बराच्या कारंज्यांना अशाच कालव्याने दारो नदीचे पाणी आणले.

म्हणून एक आग्रह. मुलांना अल्हम्बरा दाखवण्याआधी औरंगाबादची पाणचक्की दाखवा आणि मलिक अंबरची नहर समजावून सांगा. दूरचे पाणी शहरात कसे खेळवले, हे ज्याने घरच्या अंगणात पाहिले असेल त्याला ग्रॅनडात मार्गदर्शकाची फारशी गरज पडणार नाही. ज्याने पाहिलेच नसेल, तो तिथे उभा राहून सेल्फी काढेल, उसासा टाकेल आणि परत येईल. तेवढ्यासाठी एवढा खर्च कशाला?