लॅपटॉप घेताना आधी मराठी वाचून पाहा



मागच्या अंकात बालगटातल्या एका मुलीचा निबंध आला होता. तिने वहीत लिहिले होते 'माझा भाऊ'. छापून आले 'माझा माऊ'. पुढचे वाक्य होते, 'तो दिवसभर दूध पितो आणि झोपतो.' त्यामुळे वर्गात सगळ्यांना ते मांजरच वाटले. 'माझी'ऐवजी 'माझा' कसे, एवढेच एका आजोबांनी विचारले. मुले हसली, ती मात्र रडली, कारण तो अंक ती भारतात आजीला पाठवणार होती. चूक आमची. या अंकाचे टंकन आम्ही दोघे नवरा-बायको करतो आणि तपासतोही आम्हीच. ते पान आम्ही तीनदा वाचले होते आणि तिन्ही वेळा आम्हाला 'भाऊ'च दिसला.

नंतर तेच पान मुलाच्या लॅपटॉपवर उघडले, तेव्हा चूक लांबूनही दिसली. दोन्ही लॅपटॉप 15.6 इंचांचे. फरक होता रेझोल्युशनचा, म्हणजे पडद्यावर आडवे आणि उभे किती ठिपके आहेत त्याचा. आमच्या जुन्यावर 1366 आडवे, 768 उभे. मुलाच्या नव्यावर 1920 आणि 1080. एका इंचात आमच्याकडे सुमारे 100 ठिपके, त्याच्याकडे 141.

इंग्रजी वाचताना आम्हाला ही उणीव कधी जाणवली नव्हती. मराठीचे तसे नाही. आपल्या अक्षराला डोक्यावर रेघ, रेघेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. अकरा पॉइंटचे अक्षर आमच्या पडद्यावर नेहमीच्या मापात जेमतेम 15 ठिपक्यांच्या उंचीत बसवावे लागते. वरचे-खालचे बिऱ्हाड सोडले तर मूळ अक्षराला त्यातले निम्मेच उरतात. मग भ आणि म, घ आणि ध यांच्यात एक-दोन ठिपक्यांचाच फरक राहतो. 'द्ध' आणि 'द्व' तर जवळजवळ जुळे भाऊ होतात. (प्रती काढताना जे अनुस्वार उडतात, तो दोष यंत्राचा. तो आमच्या खात्यावर मांडू नये.)

हे सगळे आता सांगायचे कारण म्हणजे वर्गातल्या बऱ्याच घरांत सध्या नव्या लॅपटॉपची बोलणी चालू आहेत. कुणी हायस्कूलमध्ये जाणार, कुणी कॉलेजला. वर्ग सुटण्याची वाट पाहताना पार्किंगमध्ये जी चर्चा होते, तिच्यात दोनच पक्ष ऐकू येतात. एक म्हणतो, स्वस्तातला घ्या, मुलेच तर वापरणार. दुसरा म्हणतो, फोर-के घ्या, आकडा मोठा तेवढा चांगला. आम्हाला दोन्ही पटत नाहीत.

1366 बाय 768 चा पडदा अजूनही स्वस्त लॅपटॉपवर मिळतो. तो घेऊ नये. ज्या मुलांना आपण दर रविवारी जोडाक्षरे शिकवतो, त्यांना ती नीट दिसतच नसतील, तर 'मराठी वाचायला अवघड आहे' हे त्यांचे म्हणणे आपण कोणत्या तोंडाने खोडून काढणार?

फोर-केचे म्हणाल, तर त्यात 3840 आडवे आणि 2160 उभे ठिपके असतात, म्हणजे 1920 बाय 1080 च्या चौपट. 14 इंचांच्या पडद्यावर ते इंचाला 315 पडतात. निरोगी डोळ्याला साधारण 50 सेंटिमीटरवरून इंचाला 175 च्या आसपासपर्यंतच ठिपके वेगळे ओळखता येतात. त्याच्यापुढे अक्षर थोडे अधिक गुळगुळीत होते, हे खरे. पण जास्तीच्या ठिपक्यांचे पैसे तर पडतातच, वर बॅटरीही लवकर उतरते. फोटो किंवा चित्रफितींचे काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी.

रोजच्या लिहिण्या-वाचण्यासाठी आमचे मत असे: 14 इंचांचा लॅपटॉप असेल तर 1920 बाय 1200. इंचाला 162 ठिपके होतात, ते पुरेत. 1080 ऐवजी 1200 उभे ठिपके असल्याने पानाच्या चार ओळी जास्त दिसतात आणि निबंध लिहिताना हा फायदा रोज जाणवतो. 16 इंचांचा घेणार असाल आणि परवडत असेल तर 2560 बाय 1600 पाहावा. म्हणजे आधी इंच ठरवा, मग ठिपके. नुसता 'फुल एचडी' हा शब्द ऐकून काही कळत नाही, कारण तेवढेच 1920 बाय 1080 ठिपके लहान पडद्यावर दाट असतात आणि मोठ्यावर विरळ.

यावर लगेच तक्रार येते की ठिपके वाढले की अक्षरे बारीक होतात. बरोबर आहे, होतात. पण त्यावरचा उपाय बहुतेक घरांत चुकीचा केला जातो. आमच्याकडे आजोबा सहा महिन्यांसाठी आले तेव्हा त्यांना दिसावे म्हणून मुलाने रेझोल्युशनच कमी करून 1366 वर आणले. अक्षरे मोठी झाली, पण शाई फुटल्यासारखी दिसू लागली. आजोबा चष्म्याचा नंबर वाढला असे समजून डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला निघाले होते! पडद्यावरचे ठिपके कारखान्यात बसवलेले असतात, ते कमी होत नाहीत. 1920 ठिपक्यांवर 1366 चे चित्र पसरायचे म्हणजे एकेकाच्या वाट्याला जवळजवळ दीड ठिपका येतो, आणि अर्धा ठिपका काही पेटवता येत नाही.

रेझोल्युशन शिफारस केलेलेच राहू द्यावे आणि 'स्केल' वाढवावे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग डिस्प्ले, तिथे ही दोन्ही जवळजवळ आहेत, म्हणून गफलत होते. 14 इंचांच्या 1920 बाय 1200 ला 125 किंवा 150 टक्के ठेवा. 150 ला आपले अकरा पॉइंटचे अक्षर 15 ऐवजी 22 ठिपक्यांत बसते. अक्षर मोठेही आणि रेखीवही. जागा थोडी कमी होते, एका वेळी दोन खिडक्या शेजारी मावत नाहीत, हे मान्य. काही जुने प्रोग्रॅम स्केल वाढवल्यावर पुसट दिसतात, तेही मान्य.

आमच्यातही एका बाबतीत एकमत नाही. एकाला 125 बरे वाटते, दुसरीला 150. ज्याची पाळी तो बदलतो.

बालमित्रांनो, दुकानात आईबाबांबरोबर तुम्हीही जा. पडद्यावर मराठीचे एखादे पान उघडायला सांगा. मग नेहमी बसता तेवढ्या अंतरावरून हे शब्द वाचून दाखवा: भाऊ, माऊ, घडा, धडा, आबा, आंबा, शुद्ध, विद्वान. पुढे वाकावे लागले तर तो लॅपटॉप नको. विक्रेता चमत्कारिक नजरेने पाहील, पाहू द्या. आणि पालकहो, पावती जपून ठेवा. इथे अमेरिकेत अनेक दुकाने ठरावीक दिवसांत वस्तू परत घेतात. तेवढ्या दिवसांत घरच्या दिव्याखाली, संध्याकाळी गृहपाठाच्या वेळी पडदा कसा वाटतो ते पाहून घ्यावे.

'माझा भाऊ' हा निबंध या अंकात पुन्हा छापला आहे. या वेळी तो तपासायला ती मुलगी स्वतः आमच्या घरी आली होती. तिने शीर्षक दोनदा मोठ्याने वाचले, आणि तिसऱ्या ओळीतली आमची आणखी एक चूक काढली.