रूपांतर आणि टोडचा आकार

माध्यमांतराच्या चर्चेत आज दोन भूमिका प्रामुख्याने आढळतात. पहिली मूळ संहितेशी असलेल्या निष्ठेची मोजदाद करते : कोणता प्रसंग ठेवला, कोणता गाळला. दुसरी प्रत्येक रूपांतर ही स्वतंत्र निर्मिती असल्याचे घोषित करून त्याला सर्व जाबांतून मुक्त करते. पहिली भूमिका प्रबंधांना सोयीची आहे, दुसरी चर्चासत्रांना. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही भूमिका मूलभूत प्रश्न टाळतात. संहितेत भाषा जे कार्य करते ते नव्या माध्यमात कोणाकडे सोपवले गेले, हा तो प्रश्न होय. केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ (१९०८) या अभिजात बालकादंबरीच्या रूपांतरांत तो विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

नदीकाठचे मोल, रॅट व बॅजर आणि मोटारींच्या वेडाने झपाटलेला टोड नावाचा श्रीमंत भेक ही या कादंबरीची मुख्य पात्रे. त्यांचा आकार ग्रॅहम कधीच निश्चित करीत नाहीत. टोड माणसांची मोटार पळवतो. मानवी न्यायालय चोरीबद्दल एक, बेफाम वाहन चालवण्याबद्दल तीन आणि पोलिसांशी केलेल्या उद्धटपणाबद्दल पंधरा अशी एकोणीस वर्षे मोजून त्याला सरसकट वीस वर्षांची शिक्षा ठोठावते. धोबिणीच्या वेषात तो तुरुंगातून निसटतो, तेव्हा माणसांना तो धोबीणच वाटतो. पुढे कालव्यातील नावेवरच्या बाईला तो भेक असल्याचे कळताच ती त्याला पुढच्या-मागच्या पायाला धरून पाण्यात भिरकावते. धोबीण ते भेक हे अंतर क्षणार्धात कापले जाते आणि वाचक अडखळत नाही. कारण शब्दाला उंची नसते. पंचतंत्र-हितोपदेशावर पोसलेली आपली वाचनदृष्टी प्राणिपात्र दिसताच त्यामागचा माणूस शोधू लागते. ग्रॅहम यांच्या प्राण्यांना ही किल्ली लागत नाही. ते एकाच वेळी माणूस आणि प्राणी असतात, आणि ही अनिश्चितता हाच कादंबरीचा आशय आहे.

रंगभूमीवर नटाला देह असतो, म्हणून तेथे ही अनिश्चितता टिकणे कठीण. ए. ए. मिल्न यांचे ‘टोड ऑफ टोड हॉल’ १९२९ साली लिव्हरपूल येथे प्रथम सादर झाले. नाटकाचे शीर्षकच त्यांची निवड सांगते. सर्व पात्रे माणसाच्या उंचीची झाली की प्राणित्व वेषभूषेपुरते उरते आणि कादंबरी इंग्रज जमीनदारवर्गाच्या प्रहसनाकडे झुकते. १९९० साली लंडनच्या नॅशनल थिएटरने ॲलन बेनेट यांचे रूपांतर सादर केले, तेव्हा रंगमंचाच्या फिरत्या यंत्रणेचा मोठा उपयोग करून घेतला गेला. स्थळाचा प्रश्न यंत्राने सुटला. आकाराचा प्रश्न यंत्राने सुटणारा नव्हता. १९८३ च्या ब्रिटिश दूरचित्रवाणीपटात माणसे व प्राणी दोघेही बाहुल्याच झाले. येथे विसंगती मिटली खरी, परंतु तिच्यातील ताणही मिटला.

या पार्श्वभूमीवर श्राव्य माध्यमाला दृश्याची गरीब आवृत्ती समजण्याची आपली सवय तपासली पाहिजे. बेनेट यांनीच ही कादंबरी बीबीसीच्या नभोवाणीवर वाचली होती. अशा वाचनात निवेदक शाबूत राहतो, आणि आवाजालाही उंची नसते. पाचव्या प्रकरणात अंधारातून चालणाऱ्या मोलला आपल्या सोडून आलेल्या घराचा वास येतो. हा वास मंचावर दाखवता येत नाही. तो सांगावाच लागतो. अर्थात, निवेदकाला काढून केवळ संवाद व ध्वनिपरिणाम ठेवणारी नभोनाट्ये हा लाभ स्वतःहून गमावतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की बालप्रेक्षकाला हालचाल हवी असते, म्हणून टोडच हवा. आक्षेपकाच्या बाजूने एक सबळ पुरावाही आहे. १९०७ मध्ये ग्रॅहम यांनी आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रांत मुख्यतः टोडच्याच करामती होत्या. परंतु ग्रंथ सिद्ध करताना लेखकाने काय केले? सहावे, आठवे व दहावे प्रकरण टोडचे. त्यांच्यामध्ये सातव्यात पहाटेच्या बासरीचा आणि देवदर्शनाचा गूढ अनुभव, नवव्यात दूरदेशाच्या ओढीने रॅटला लागलेली हुरहूर. जे लेखकाला पुरेसे वाटले नाही ते रूपांतरकारांनी पुरेसे मानले. १९४९ च्या डिस्नेपटाच्याही शीर्षकात टोडच आहे. ही निवड माध्यमाने लादलेली नाही. मुलाला स्तब्धता झेपत नाही, या प्रौढांच्या गृहीतकातून ती आली आहे, आणि ‘स्वतंत्र निर्मिती’चा सिद्धांत या गृहीतकाला संरक्षण देतो.

रूपांतरकाराला स्वातंत्र्य असावे, याबद्दल वाद नाही. मात्र स्वातंत्र्य घेणाऱ्याला कारणे विचारता येतात, आणि ती विचारणे हेच समीक्षेचे काम आहे. गाळलेल्या प्रसंगांच्या याद्या करणाऱ्या अभ्यासकाने यापुढे निवेदकाचे काय झाले हे आधी पाहावे. बालसाहित्याच्या बाबतीत हे अधिक निकडीचे आहे, कारण येथे प्रेक्षक तक्रार करीत नाही. त्याला जे दाखवले जाते तेच तो मूळ पुस्तक समजतो.