मोडेम फुकट, किल्ली कुणाकडे?

मंडळी, भोर-वेल्ह्याकडच्या आमच्या गोतावळ्यात सध्या एकच प्रश्न: घरी छोटा सर्व्हर ठेवायचाय, मोडेम कोणता घेऊ? "कंपनीवाला देतो तोच घे, फुकट असतो," हे उत्तर मला साफ नामंजूर! माझ्या फुकटच्या डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला तर म्हणतात, "तुम्हाला कशाला हवा?" घर माझं, किल्ली त्यांची.

२००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. दोन्ही आकडे डाउनलोडचे. बाहेरून वापरायचा सर्व्हर मात्र अपलोडवर जगतो, आणि एडीएसएलच्या तांब्याच्या तारेत तेच मुळात तोकडं. त्यात एक्स्चेंजपासून घर लांब, की वेग आणखी खाली. तेव्हा फायबर पोचत असेल तर तेच घ्या, आणि डब्याला ब्रिज मोड मागा. राउटर स्वतःचा. पब्लिक आयपीचंही आधीच विचारा. एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं कोंबली असतील, तर दहा हजारांच्या राउटरवरही पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. मग निदान आयपीव्ही६ तरी हवं.

"खेड्यात कशाला सर्व्हर? क्लाउडवर टाका की," इति पुण्याचे भाचे. अरे बाबांनो, पावसाळ्यात तोरण्याच्या पायथ्याला लाइन गेली की क्लाउडवरचे आजीचे फोटोही गेले! घरच्या सर्व्हरवरचे दिसतात, फक्त त्याला आणि राउटरला वीज हवी. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, छोटा डीसी यूपीएस पुरतो. सर्व्हरचा यूपीएस वेगळा. असो. विजा कडाडायला लागण्याआधीच तांब्याची तार काढून ठेवा. फायबरच्या काचेला ती भीती नाही, त्याच्या अ‍ॅडॅप्टरला आहे.