वृद्धसेवेची जबाबदारी कोणाची?

परळ-लालबागच्या चाळीतील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. वृद्ध आईला अर्धांगवायूचा झटका आलेला, मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर, खोली एकच. दिवसभर सांभाळणारी बाई ठेवावी तर एक पगार तिकडेच जातो. वृद्धाश्रम शोधू जावे तर परवडणारा सापडतो तो थेट बदलापूर-कर्जतकडे. तेथे महिन्यातून एकदा जाणे होते. रात्री सेविका किती असतात, आईची कूस कोण बदलते, औषध वेळेवर मिळते की नाही, हे पडताळण्याचे कोणतेही साधन कुटुंबाच्या हाती नसते. कार्यालयाच्या भिंतीवर प्रमाणपत्र असते, पण ते न्यासाच्या नोंदणीचे. सेवा कशी आहे याविषयी ते काहीच सांगत नाही.

या प्रश्नावर कायदा नाही असे नव्हे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्यात मुलांची जबाबदारी बंधनकारक आहे. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम काढण्याची तरतूदही आहे. परंतु तेथे शब्दयोजना 'काढू शकेल' अशी आहे. मुलाला सक्ती आणि सरकारला सवड, असा हा न्याय आहे!

आणि समजा, सरकारने ही सवड न घेता तरतूद पूर्ण अमलात आणली, तरी काय होईल? राज्याच्या ३६ जिल्ह्यांत मिळून ५,४०० खाटा होतील. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीच्या पुढचे लोक सुमारे १ कोटी ११ लाख होते. उरलेल्यांसाठी बाजार आहे, असे सांगितले जाते. परंतु भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले ते दरमहा १,००० रुपये. एवढ्यावर बाजारात कोणती सेवा मिळणार?

वस्तुतः वृद्धसेवा ही बाजाराच्या नियमांत बसणारी वस्तूच नाही. पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा; सेवा घेणाऱ्याला तक्रार करण्याचे बळ नाही आणि दुकान बदलण्याची सोय नाही. म्हणूनच येथे परवाना हवा. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा मुंबई राज्यात १९४९ सालीच झाला. वृद्धसेवागृहांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक मात्र २०१९ साली लोकसभेत मांडले गेले आणि २०२४ साली ती लोकसभा विसर्जित होताच बारगळले.

परवान्यांमुळे लहान सेवाभावी संस्था बंद पडतील, असा एक आक्षेप आहे. तो अगदीच पोकळ नाही. म्हणूनच दर्जाच्या अटीबरोबर सार्वजनिक अनुदानही द्यावे लागेल, आणि सेविकांना रीतसर वेतन मिळेल हे पाहावे लागेल. उपाशी सेविकेकडून मायेची अपेक्षा करणे हा दांभिकपणा आहे.

परंतु केवळ परवान्याने भागणार नाही. निरीक्षक वर्षातून एखादे वेळी येईल. शेजारीण मात्र भाजी आणता आणता डोकावून जाईल. सेवागृह वस्तीत असले की शेकडो डोळ्यांचा पहारा आपोआप बसतो, आणि नातवंडांचा सहवास सुटत नाही तो वेगळाच. यासाठी महापालिकेने प्रत्येक प्रभागात एक दिवसाचे पाळणाघर वृद्धांसाठी चालवावे आणि काही निवासी खाटा ठेवाव्यात. बंद पडलेल्या शाळांच्या इमारती त्यासाठी वापरता येतील.

कार्यकर्त्यांनी ठरावांवर न थांबता आपापल्या प्रभागातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची घरोघर नोंद करावी आणि ती यादी घेऊन प्रभाग कार्यालयात जावे. कायद्यातील 'शकेल' पुसून तेथे 'काढील' लिहून घ्यायचे असेल, तर मागणीमागे माणसांची संख्या उभी करावी लागेल.