निपाणीला तंबाखू कोण नेतो?

निपाणीत दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते, त्यामुळं म्हणींची गाईडं दरवर्षी हाताखालून जातात. डावीकडं इंग्रजी म्हण, उजवीकडं एका ओळीत अर्थ, जमलंच तर शेजारी मराठी म्हण. मुलं घोकतात, पेपरात उतरवतात आणि परीक्षा संपली की विसरतात. विसरणारच. म्हण कुणाच्या तोंडून आणि कशापायी निघाली, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ घ्या. समोर अर्थ काय, तर ‘वाहत्या गंगेत हात धुवून घेणे’. साफ चूक. गंगेत हात धुणारा संधीसाधू असतो. गवत वाळवणारा इंग्रज शेतकरी बिचारा घायकुतीला आलेला असतो. तिकडं उन्हाळ्यातही पावसाचा भरवसा नाही. कापलेलं गवत भिजलं की कुजतं आणि थंडीत जनावरं उपाशी राहतात. जॉन हेवूडच्या 1546 सालच्या संग्रहात ही म्हण सापडते, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी ती त्याआधीच असणार. आमच्याकडं काढलेली तंबाखू उन्हात पडलेली असताना आभाळ भरून आलं की बापाची काय धावपळ होते, हे ज्या पोरानं बघितलंय त्याला ही म्हण समजायला गंगेपर्यंत जायची गरज नाही.

न्यूकॅसलला कोळसा नेण्याची म्हणही तशीच. टाइन नदीकाठच्या या गावातून शतकानुशतकं जहाजं भरभरून कोळसा लंडनला जायचा. एवढं सांगून मी विचारलं, आपल्याकडं काय म्हणायचं? “निपाणीला तंबाखू!” एकजण म्हणाला. लगेच दुसरी, “गोकाकला करदंट नेल्यागत की, बाई.” मग बेळगावच्या कुंद्यावरून वर्गात जो गलका झाला, त्यात अर्थ सांगायचा राहूनच गेला. कुणी विचारलाही नाही.

सीमाभागातल्या पोरांकडं आणखी एक भांडवल आहे, पुण्यातल्या मुलांना ते मिळत नाही. मराठीतल्या म्हणीच्या शेजारी त्यांच्याकडं कन्नडची ‘गादे’ असते. आपण म्हणतो, हातच्या काकणाला आरसा कशाला? कन्नडमध्ये काकणाच्या जागी हातावरचा व्रण आहे: ‘कै हुण्णिगे कन्नडी बेके’. मराठी गाढवाला गुळाची चव कळत नाही, कन्नड गाढवाला कस्तुरीचा वास. इंग्रजांनी बायबलातून डुकरांपुढचे मोती उचलले. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ तर दोन्हीकडं जवळपास सारखीच. कुणी कुणाची घेतली यात मी पडत नाही. सीमेचे वाद इथं 1956 पासून भरपूर आहेत, खरं म्हणी त्याच्या फार आधीच्या.

मूळ सांगताना थापा मात्र सांगू नयेत. जोराच्या पावसाला इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात म्हणतात, कारण जुन्या काळी गवती छपरावरून ती घसरून पडायची, ही गोष्ट 1999 च्या सुमारास ईमेलवरून फिरलेली लोणकढी आहे. या वाक्प्रचाराचं मूळ पक्कं ठाऊक नाही, हेच मुलांना सांगावं. उलट ‘विश्वास गेला पानिपतात’ याला तारीखसुद्धा आहे: 14 जानेवारी 1761, त्या दिवशी पानिपतच्या लढाईत पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव पडले. आमच्या वर्गात ही म्हण येणारी मुलं पुष्कळ, विश्वासराव कोण हे सांगणारी थोडी. मॅनवेरिंग नावाच्या मिशनऱ्यानं मराठी म्हणी जमवून, त्यांचं इंग्रजी करून 1899 साली ऑक्सफर्डहून पुस्तक काढलं. आपल्याला घरातल्या आजीलाही विचारायला सवड नाही.

पेपर काढणाऱ्यांना एवढीच विनंती: म्हणीचा अर्थ विचारा, पण दोन मार्क आणखी ठेवा. ही म्हण पहिल्यांदा कुणी म्हटली असेल, शेतकऱ्यानं, सुतारानं की सासूनं, आणि का? उत्तर मराठीत आलं काय, कन्नडमध्ये आलं काय, मार्क पूर्ण द्या.